ज्वाद, माल्टा आणि आपला हौद

ईस्टरच्या आधी माल्टा बेटावरचे कॅथलिक लोक चाळीस दिवसांचा जो उपासकाळ पाळतात, त्याला त्यांच्या भाषेत ‘रान्दान’ म्हणतात. म्हणजे रमजान. हा उपास संपवणारा ईस्टर ही त्यांची ‘ईद’. लिहिताना तिच्या आरंभी अरबी ‘ऐन’ची खूण अजून ठेवतात, तोंडातून ती केव्हाच गेली आहे. पूर्ण नाव घ्यायचे तर ‘ईद इल्-क्बीर’, म्हणजे थोरली ईद. यातला ‘क्बीर’ हा आपल्या कबीराच्या नावातलाच शब्द. नाताळ म्हणजे ‘मिलिएद’, ईद-ए-मिलादमधला मिलाद. देव ‘अल्ला’. प्रभू ‘मुलेय’, म्हणजे मौला. मरियेला वंदन करायचे ते ‘स्लिएम’ म्हणून, आणि या सलामावरूनच स्लिएमा या गजबजलेल्या किनारी गावाचे नाव पडले असे सांगतात. राज्यघटनेने रोमन कॅथलिक धर्माला राजधर्म मानलेल्या देशातली ही सगळी धार्मिक परिभाषा.

मराठी माणसाने यावर फार भुवया उंचावू नयेत. आपल्या ‘नाताळ’चा उगम पोर्तुगीज ‘नाताल’मध्ये आणि त्यामागच्या लॅटिन ‘नातालिस’मध्ये आहे. लॅटिनचा ‘नातुस’ पूर्वी ‘ग्नातुस’ होता. तो संस्कृत ‘जात’चा सख्खा भाऊ. म्हणजे ‘नाताळ’ काय, ‘मिलिएद’ काय आणि ‘जन्मोत्सव’ काय, अर्थ एकच. देवळाच्या नावातही अशीच गंमत दिसते. गोव्यातली ‘इगर्ज’ पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आली, ती ग्रीक ‘एक्लेसिया’वरून, आणि तिचा मूळ अर्थ सभा. माल्टातली ‘क्निस्या’ अरबी ‘कनीसा’वरून, ती आरमाइकवरून, आणि तिथेही मूळ धातूचा अर्थ जमणे, गोळा होणे. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी इमारतीकडे न पाहता आत जमलेल्या माणसांकडे पाहून नाव ठेवलेले दिसते. बिशपला माल्टी भाषेत ‘इस्कोफ’ म्हणतात (यातला क आज कंठातल्या कंठातच विरतो). हा ग्रीक ‘एपिस्कोपोस’चा अरबी अवतार, आणि ‘बिशप’ हा त्याचाच इंग्रजी अवतार. अर्थ, वरून देखरेख करणारा. त्यातला ‘स्कोप’ हा संस्कृत ‘पश्यति’, ‘स्पश’ यांचा वर्णविपर्यय झालेला नातलग. स्पश म्हणजे हेर! बिशप आणि हेर एका धातूचे निघावेत, हे धर्मखात्याला कितपत रुचेल कोण जाणे.

पण खरा धागा रान्दानचा. ‘रमदान’मधल्या मकाराचा दकाराशेजारी नकार झाला. सम् आणि तोष मिळून ‘सन्तोष’ होतो तोच हा परसवर्णाचा न्याय. माल्टाच्या कोळ्यांना पाणिनी माहीत असण्याची गरज नव्हती. कोडे आहे ते पुढच्या अक्षरात. त्यांच्याकडे ‘द’ आणि आपल्याकडे ‘ज’, असे का?

मूळ अरबी अक्षर ‘दाद’. फारसी-उर्दूत त्यालाच ‘ज्वाद’ म्हणतात. अरब लोक आपल्या भाषेला अभिमानाने ‘दादची भाषा’ म्हणत आले आहेत, कारण हा ध्वनी परक्यांना साधत नाही अशी त्यांची समजूत. आठव्या शतकातल्या सीबवैही या व्याकरणकाराने या ध्वनीचे जे वर्णन केले आहे, त्यावरून जुना दाद जिभेच्या कडेवरून निघत असावा. म्हणजे त्यात लकाराचा अंश असावा. इराण्यांच्या तोंडी तो बसला नाही. त्यांनी दाद, जाल, जो आणि जे ही चारही अक्षरे लिहिताना वेगळी ठेवली आणि बोलताना एका ‘ज़’त गोळा केली. मराठीने आपली अरबी शब्दसंपत्ती बहुतांशी फारसीच्या हातून घेतली, म्हणून आपल्याकडे दादचा ‘ज’ झाला. यादी करायला बसले की कचेरी उभी राहते: काजी, अर्ज, कर्ज, जामीन, कब्जा, हजर, मर्जी, रजा, फर्ज, मजमून. ‘फाजील’ही दादचाच. अरबीत फाजील म्हणजे गुणवान, आणि उरलेला, अधिकचा असाही. मराठीने त्यातला अधिकपणा उचलला आणि गुण तिथेच ठेवले. ‘गरज’ म्हणजे मूळचे लक्ष्य, नेम धरायची खूण. आणि ‘जिल्हा’? अरबीत ‘दिल्अ’, शेवटी ऐन, म्हणजे बरगडी. बरगडीवरून बाजू, बाजूवरून मुलखाचा भाग. शेवटच्या ऐनच्या जागी मराठीने ‘ह’ घातला आणि बरगडीला कलेक्टर मिळाला.

रघुनाथपंतांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने यांतल्या कित्येकांना संस्कृत पर्याय दिले. पण अर्ज, कर्ज आणि जामीन या तिघांनी बूड हलवले नाही.

आता माल्टाकडे. तिथल्या लोकांनी हे शब्द दरबारातून घेतले नाहीत. सिसिली आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्या माणसांची ती घरची बोली होती, आणि त्या बोलीत दादचा साधा ‘द’ होऊन बसला होता. आपण ‘कब्जा’ घेतो, तिथे माल्टी माणूस ‘कबद’ म्हणतो, म्हणजे पकडले. आपल्या कानावरचा ‘मरीज’ तिथे ‘मरीद’. जमीन ती ‘अर्त’, अरबी ‘अर्द’. शब्दाच्या शेवटी आलेल्या दकाराचा उच्चार माल्टी भाषा तकारासारखा करते, आणि काही ठिकाणी लेखनातही तो ‘त’च झाला आहे. अंडे ‘बय्दा’. हा शब्द ध्यानात ठेवावा, त्याचे पुढे काम आहे.

बेटाचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर असा. आधी जिगान्तियासारखी अजस्र पाषाणमंदिरे बांधणारे लोक. त्यांची भाषा आपल्यापर्यंत पोचलेली नाही, आणि मंदिराचे आजचे नाव नंतरच्यांनी राक्षसावरून ठेवलेले. मग फिनिशियन, कार्थेज, रोम, बायझन्टियम. 870 मध्ये अरब. 1091 मध्ये सिसिलीचा नॉर्मन सरदार रॉजर. 1530 ते 1798 सेंट जॉनचे नाइट्स, ज्यांनी पाचव्या चार्ल्सकडून बेट घेतले ते वर्षाला एक ससाणा एवढ्या खंडणीवर. दोन वर्षे नेपोलियनचे फ्रेंच, मग इंग्रज, आणि 1964 मध्ये स्वातंत्र्य. इतक्या धन्यांच्या हाताखालून गेलेल्या बेटावर बोली मात्र अरबी वळणाची राहिली. शब्दकोश उघडला तर निम्म्याच्या आसपास शब्द सिसिलियन आणि इटालियन, सुमारे तिसरा हिस्सा अरबी. पण तो तिसरा हिस्सा म्हणजे खाणे, झोपणे, आई, पाणी, दगड, देव. शिवाय व्याकरणाचा सांगाडा.

प्रश्न असा पडतो की हा अरबी थर आला कधी? माल्टाच्या लोकांची श्रद्धा अशी की संत पॉलचे गलबत इथे फुटले तेव्हापासून बेट अखंड ख्रिस्ती आहे. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ती हकीकत आहे, आणि तिथे बेटकऱ्यांना ग्रीकमध्ये ‘बार्बारोई’ म्हटले आहे. हा आपलाच ‘बर्बर’: ज्याची भाषा कळत नाही, जो नुसता बरबर करतो तो. त्यात शिवी नसावी, ग्रीक न बोलणारे एवढाच अर्थ असावा. ते बहुधा प्यूनिक, म्हणजे कार्थेजची फिनिशियन बोली बोलत असावेत. यावरूनच पुढे एक मत रूढ झाले की आजची माल्टी भाषा त्या प्यूनिकचीच लेक. अजियुस दे सोल्दानिस या धर्मोपदेशकाने 1750 मध्ये आपल्या पुस्तकाच्या नावातच माल्टी लोकांच्या बोलीला ‘लिंग्वा प्यूनिका’ म्हटले. मत सोयीचेही होते. आपण अरबांचे वंशज नव्हे, हॅनिबालचे सोयरे. शिवाय इटालियनांचे मिंधेही नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी राज्यातल्या राजकारण्यांनी हा फिनिशियन वारसा बराच मिरवला.

फिनिशियन थर खोटा होता असे मुळीच नाही. माल्टात सतराव्या शतकात दोन संगमरवरी स्तंभ सापडले. त्यांवर एकच नवस फिनिशियन आणि ग्रीक अशा दोन भाषांत कोरलेला आहे, आणि त्याच्या आधाराने आबे बार्तेलेमी या फ्रेंच पंडिताने 1758 मध्ये फिनिशियन लिपी वाचून दाखवली. एक स्तंभ पुढे फ्रान्सच्या राजाला नजर झाला, तो आता लूव्रमध्ये आहे. दुसरा माल्टातच राहिला. नवस मेलकार्त देवाला. ‘मेलक्’ म्हणजे राजा, मलिक अंबरातला मलिक. ‘कर्त’ म्हणजे नगर, कार्थेजमधले. नगराचा राजा. ग्रीक मजकुराने त्याचा सरळ हेराक्लीस करून टाकला आहे.

म्हणजे प्यूनिक आणि अरबी, दोन्ही सेमिटिक घराण्यातल्या बहिणी, दोघींचे चेहरे सारखे. मग माल्टी कोणाची लेक हे ओळखायचे कसे? इथे आपला ज्वाद साक्षीला उभा राहतो. मूळ सेमिटिकमधल्या ज्या ध्वनीचा अरबीत दाद झाला, त्याचा हिब्रू-फिनिशियन शाखेत ‘स’ किंवा ‘त्स’च्या जातीचा ध्वनी झाला आणि आरमाइकमध्ये शेवटी नुसता ऐन उरला. भूमी म्हणजे अरबीत ‘अर्द’, हिब्रूत ‘एरेत्स’, आरमाइकमध्ये ‘अर्आ’. अंडे म्हणजे अरबीत ‘बैदा’, हिब्रूत ‘बेत्सा’. माल्टी जर प्यूनिकची लेक असती, तर तिच्या जमिनीत आणि अंड्यात सकार निघायला हवा होता. निघतो दकार आणि तकार. वाद याच एका अक्षरावर संपला असे नाही, इतर पुरावेही भरपूर आहेत. पण मला हा सर्वांत देखणा वाटतो.

आणि त्यासाठी भूमध्य समुद्रापर्यंत जायलाही नको. मुंबईत मोहम्मद अली रस्त्यावर रमजानच्या रात्री तव्यावर जी चौकोनी घडीची बैदा रोटी पडते, तिच्यातला ‘बैदा’ हा माल्टाचाच ‘बय्दा’. आणि कोकणातले मराठीभाषक बेने इस्रायल वल्हांडणाच्या ताटात जे भाजलेले अंडे ठेवतात, त्याचे हिब्रू नाव ‘बेत्सा’. एकाच किनाऱ्यावर अंड्याच्या दोन सेमिटिक बहिणी नांदतात. ‘बैदा’ला फारसीत ‘बैज़ा’ म्हणतात. मुंबईच्या फेरीवाल्याने ‘बैजा’ न म्हणता ‘बैदा’ म्हटले, याचे कारण काय असावे? तर्क असा करता येतो की हा शब्द दिल्ली-विजापूरच्या दरबारातून नव्हे, थेट अरबी बंदरांतून गलबतावर बसून आला असावा.

समुद्रमार्गाची दुसरी साक्ष मलबारात मिळते. मल्याळी मुसलमान रमजानला ‘रमळान’ म्हणतात, फर्जला ‘फर्ळ’, काजीला ‘खाळी’. चक्क ळकार! सीबवैहीच्या वर्णनातला जिभेच्या कडेचा दाद या ळकारात अजून ऐकू येतो असे मानायला हरकत नाही. मलायी भाषेतला ‘रेला’ म्हणजे राजीखुशीने तयार असलेला, तो आपल्या ‘रजा’चा भाऊ, तिथेही दादचा ल. आणि भूमध्याच्या पश्चिम टोकाला स्पेनमध्ये अल्-काजीचा ‘अल्काल्दे’ झाला, म्हणजे नगराध्यक्ष. तिथे ‘द’च्या आधी फुकटचा ‘ल’ घुसलेला दिसतो तो फुकटचा नव्हेच, तोही दादच्याच पोटातला. गमतीचा भाग असा की ळकाराचे जे वैभव मराठीकडे आहे ते फारसीकडे नाही. तरी आपण ‘कर्ळ’ काढले नाही, ‘कर्ज’च काढले. उच्चार जमतो की नाही यापेक्षा शब्द कोणाच्या तोंडून ऐकला हे महत्त्वाचे ठरले असावे.

स्पेनचा आणखी एक शब्द माल्टातले एक कोडे सोडवतो, किंवा निदान अवघड करतो. बेटाची जुनी राजधानी ‘म्दीना’. हा मदीनाच, त्यामागचा धातू न्यायनिवाड्याचा असावा, ज्याच्या शेजारी ‘दीन’ हा शब्द बसतो. म्दीनाच्या तटाबाहेरच्या वस्तीचे नाव ‘रबात’. मोरोक्कोच्या राजधानीचेही तेच नाव, आणि तिथे ते ‘रिबात’वरून, म्हणजे लढवय्या फकिरांच्या गढीवरून आले. पण माल्टाचा रबात ही गढी नव्हे, ते उपनगर. आणि उपनगराला अरबीत ‘रबद’ म्हणतात, शेवटी दाद. त्याच ‘रबद’चे स्पॅनिशमध्ये ‘अर्राबाल’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘अर्राबाल्दे’ झाले. एकाने दादमधला ल ठेवला, दुसऱ्याने ल आणि द दोन्ही. माल्टी भाषेत शेवटच्या त, द, दाद या सगळ्यांचा ‘त’ होत असल्याने नुसत्या उच्चारावरून निकाल लागत नाही. अर्थ मात्र उपनगराकडे झुकतो, आणि मीही.

ध्वनी मिसळले की अशी खोटी नाती जुळतातच. रान्दान सुरू होतो तो राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून. राखेला माल्टीत ‘इर्मिएद’, अरबी ‘रमाद’. यातला द साधा. रमजानमधला धातू वेगळा, उन्हाने भाजून निघालेल्या जमिनीचा, आणि त्यात दाद. अरबी कानाला हे दोन परके शब्द आहेत. माल्टी कानाला मात्र राख आणि रान्दान एकाच चुलीतले वाटावेत, आणि ते एकाच दिवशी भेटतातही. आपल्याकडे जामीन आणि जमीन यांचे तसेच. जामीन दादचा अरबी, जमीन ‘जे’ची फारसी; पण कर्जासाठी जमीन जामीन ठेवणाऱ्याला हे कोण सांगणार.

तर मग रान्दान हा शब्द ख्रिस्ती कसा झाला? ईद आणि मिलाद हे शब्द अरब ख्रिस्तीही वापरतात, त्यांवरून काही सिद्ध होत नाही. पण लेबनॉन-सीरियाचे ख्रिस्ती आपल्या चाळीस दिवसांना ‘सौम’ म्हणतात, रमजान कधीच नाही. उपासकाळाला रान्दान म्हणणारे लोक मागच्या काही पिढ्या खरोखर रमजान पाळत आले असले पाहिजेत. अल्-हिम्यारी हा अरबी भूगोलकार सांगतो की 870 नंतर बेट ओसाड पडले होते आणि अकराव्या शतकात ते पुन्हा वसले. त्याचे सगळेच खरे मानू नये, पण शब्दांची साक्ष त्याच्या बाजूची दिसते. नॉर्मन आल्यावर लगेच काही बदलले नाही. शेजारच्या गोझो बेटावर मैमुना नावाच्या मुलीच्या कबरीचा दगड आहे, त्याच्यावरचा कुफी लेख 1174 चा, म्हणजे रॉजर येऊन गेल्यावर 83 वर्षांनंतरचा. आणि तो लेख कोरला आहे रोमन काळातल्या संगमरवराच्या मागच्या बाजूवर. तेराव्या शतकात इस्लाम बेटावरून गेला. काही माणसे हाकलली गेली, उरलेली बाटली. शब्द बाटले नाहीत, त्यांनी नुसता धनी बदलला.

पुढचे इटालियन थर वरवरचे, पण चकचकीत. उपासाआधीची धमाल ‘कार्निवाल’, गावच्या संताचा उत्सव ‘फेस्ता’. हा आपल्या गोव्यातल्या ‘फेस्त’चा जुळा, एक इटालियनवरून, दुसरा पोर्तुगीजवरून. माल्टाच्या फेस्ताला 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पण परके शब्द घेतानाही माल्टी भाषेने त्यांना अरबी साच्यात घातले. इंग्रजांनी किटली आणली, तिचे एकवचन ‘कित्ला’ आणि अनेकवचन ‘क्तिएली’! अरबीत जसे अमीरचे उमरा होते, बुर्जचे बुरूज होते, तसे. आपण मराठीत नेमके उलट केले. ‘बुरूज’ आणि ‘उमराव’ ही अरबी अनेकवचने उचलली आणि एकवचनी करून टाकली. किल्ल्याला एक बुरूज, दरबारात एक उमराव. माल्टातल्या बिर्गू या तटबंदीच्या गावाचे नावही लॅटिन ‘बुर्गुस’च्या वंशातले, म्हणजे आपल्या बुरुजाचा दूरचा चुलता असावा.

माल्टातच एक मार्साश्लोक नावाचे बंदर आहे. नाव ऐकून मराठी माणसाला वृत्त आठवेल. ‘मार्सा’ म्हणजे नांगर टाकायची जागा, आणि ‘श्लोक’ म्हणजे आग्नेयेकडून येणारा तापट वारा, ज्याला इटालियन सिरोक्को म्हणतात. मुळाशी अरबी ‘शर्क’, पूर्व दिशा, असावी. संस्कृत श्लोकाशी काडीचाही संबंध नाही.

उरला हौद. अरबी ‘हौद’, शेवटी दाद. फारसीत ‘हौज़’, म्हणून दिल्लीत हौज खास. माल्टीत ‘हाउत’, गुरांना पाणी पाजायची डोणी. नियमाने पाहता मराठीत ‘हौज’ रुळायला हवा होता, काजी-कर्जाच्या पंगतीत. रुळला ‘हौद’, बैदाच्या पंगतीत. हत्तीवरच्या ‘हौदा’शी याचे नाते जोडू नये, तो अरबी ‘हौदज’. पाण्याचा हौद आमच्याकडे काजीच्या कचेरीतून न येता मशिदीच्या अंगणातून आला असावा, आणि कोकण किनाऱ्यावरच्या मशिदी मलबारप्रमाणेच शाफी पंथाच्या, थेट अरबस्तानाशी दर्यावर्दी नाते असलेल्या. मलबारात वजूच्या टाक्याला आजही ‘हौळ’ म्हणतात, हेही या तर्काला जुळते. घाटावर तो केव्हा चढला असेल तो असो. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी नळाने पुण्यात आणले तेव्हा पेठापेठांतून जे बांधले गेले ते हौदच. त्यांतल्या पाचांच्या नावाने गुरुवार पेठेत ख्रिस्ती मिशन ओळखले जाऊ लागले. पंचहौद मिशन. 1890 मध्ये टिळक-रानड्यांसह पुण्यातली बडी मंडळी तिथे गेली, चहा पुढे आला, आणि ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत गेलेल्या त्या वादात चहाची आणि बिस्किटांची शुद्धाशुद्धता कसोशीने तपासली गेली. एका ख्रिस्ती मिशनाला संस्कृत ‘पंच’ आणि अरबी ‘हौद’ असे जोडनाव मिळाले होते, त्याला मात्र कोणीच प्रायश्चित्त सांगितले नाही.